दोरी न ओढताच ‘बॅटरी गेली’ म्हणणाऱ्यापासून सावध

बोरिवलीतल्या एका सोसायटीला गवत कापायच्या मशीनच्या दुरुस्तीत 7,600 रुपयांचा गंडा बसला. मशीन पेट्रोलवर चालणारं, बटण स्टार्टचं. ऑक्टोबरअखेर शेवटचं गवत कापून ते पंपरूममध्ये ढकललेलं, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर गवत घोट्याच्या वर आलं, माळ्याने बटण दाबलं, तर नुसतं ‘टक्’. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, बॅटरी गेलीय, म्हणून इंजिन उठत नाही. कार्बोरेटरपण संपलाय. दुकानात न्यावं लागेल."

पहिली थाप तिथेच होती. ढकलत चालवायच्या या मशीनमध्ये पेट्रोल पेटवणारी ठिणगी बॅटरीतून येत नाही. इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकावरच्या, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या चुंबकातून येते. बॅटरीचं काम फक्त स्टार्टर फिरवणं. ती साफ मेली असली तरी हाताने दोरी ओढून इंजिन चालू व्हायला हवं. दोरी ओढूनही उठलं नाही, तर दोष पेट्रोलचा, ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा किंवा हवेच्या फिल्टरचा. त्याने दोरीला हातही लावला नव्हता.

खरं कारण टाकीत होतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईच्या दमट हवेत आठ महिने राहिलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. कधी तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो, वास वॉर्निशसारखा आंबूस येतो. हेच कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या वाटीत सुकून चिकट राळ होते आणि मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं सुईएवढं भोक बुजवते. यासाठी कार्बोरेटर बदलावा लागत नाही. वाटीचा तळाचा बोल्ट खोलायचा, जेट काढायचा, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारायचा आणि भोकातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत साफ करायचं. तार घालू नका, भोक मोठं झालं की मशीन कायम जास्त पेट्रोल पिणार. वाटीचा गॅस्केट (गळती रोखणारी चकती) फाटला असेल तर तेवढा नवा घ्यायचा.

बिलात नवा कार्बोरेटर 3,800, नवी बॅटरी 2,600 आणि मजुरी 1,200 लावली होती. मशीन परत आल्यावर नीट पाहिलं, तर कार्बोरेटरची फक्त वाटी चकाकत होती. इंजिनला तो जोडणाऱ्या दोन्ही नटांवर गेल्या मोसमातलं वाळलेलं गवत आणि धूळ घट्ट थापलेली. ते नट कुणी खोललेच नव्हते, मग नवा कार्बोरेटर बसला कुठून?

बॅटरीचा प्रकार त्याहून वाईट. बसवलेली ‘नवी’ म्हणजे 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. स्टिकर नवाकोरा, पण त्याच्या कडेखालून जुन्या स्टिकरचा पिवळा पट्टा डोकावत होता. वरच्या झाकणाच्या फटीत स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याचे ओरखडे आणि त्यावर गोंद. टर्मिनलच्या पत्त्यांवर आधीच्या क्लिपांच्या रेघा. म्हणजे झाकण उघडून पाणी घातलेली जुनी बॅटरी. मीटर लावला की 12.7 व्होल्ट दाखवते, त्यावरच माणूस फसतो. बटण दाबताना मीटर लावून ठेवा. चांगली बॅटरी स्टार्टर फिरताना 10 च्या आसपास किंवा वर टिकते, ही 8 च्याही खाली कोसळत होती. या मापाची बॅटरी साधारण दोन किलो भरते, वाण्याच्या काट्यावरही कळतं. फारच हलकी लागली तर घेऊ नका.

सोसायटीची मूळ बॅटरी बहुतेक मेलीही नव्हती, नुसती उतरली असावी. पण "भंगारात टाकतो" म्हणत ती तो घेऊन गेला. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतं, त्याचे पैसे येतात, शिवाय पुढच्या गिऱ्हाईकाला विकायला ‘नवी’ बॅटरीही तयार. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी सोपवणं आपल्यावर. म्हणून नवी घेताना जुनी बिल देणाऱ्या विक्रेत्याकडेच द्या आणि बिलात तिची वजावट लिहून घ्या. ॲसिड मोरीत ओतून रिकामी बॅटरी विकणारे आहेत, ते तर कृपा करून करू नका. काढलेलं इंजिन ऑईलही गटारात नको. झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं ऑईल रीसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

मशीन ठेवण्याआधी अर्धा तास दिला असता तर हे काहीच घडलं नसतं. टाकी रिकामी करा, फ्युएल कॉक (पेट्रोलचा नळ) बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीतला उरलेला थेंब काढा. ऑईल गरम असतानाच बदला, बहुतेक मशीनना अर्धा ते पाऊण लिटर लागतं, माप डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर बघायचं. प्लग काढून चमचाभर ऑईल सिलेंडरमध्ये सोडा, दोरी दोनतीनदा हळू ओढा, प्लग परत लावा. पात्याला हात घालण्याआधी प्लगची टोपी काढलेलीच हवी, आणि मशीन कलतं करताना हवेचा फिल्टर वरच्या बाजूला, नाहीतर त्यात ऑईल उतरतं. बॅटरी काढताना आधी काळी वायर, मग लाल. पूर्ण चार्ज करून कोरड्या फळीवर ठेवा, दोन महिन्यांनी मीटर लावा, 12.5 च्या खाली गेली की पुन्हा चार्ज. चार्जर 0.7 अँपिअरच्या आसपासचा, गाडीचा मोठा चार्जर लावलात तर फुगेल. पेट्रोलचा वास असलेलं मशीन मीटररूममध्ये कधीच नको.

सोसायटीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार दिली. स्टिकरचे फोटो होते, म्हणून दुकानदाराने बॅटरीचे 2,600 परत केले. कार्बोरेटरचे 3,800 मात्र गेले, कारण मशीन गेटबाहेर जाण्याआधीचा एकही फोटो नव्हता आणि जुना भाग परत मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं.