‘डिरेक्टर्स लेबल’च्या तीन डीव्हीडी, फक्त डान्सवाल्या गाण्यांसाठी बघितल्या

पाम पिक्चर्सने २००३ मध्ये काढलेल्या या डीव्हीडी आहेत, म्युझिक व्हिडिओ करणारे तीन दिग्दर्शक, स्पाइक जोन्झ, ख्रिस कनिंगहॅम आणि मिशेल गाँद्री, प्रत्येकाच्या व्हिडिओंची एक. यात सगळंच डान्स म्युझिक (म्हणजे क्लबमध्ये वाजतं ते इलेक्ट्रॉनिक संगीत) नाहीये, रॉक पण आहे, आइसलँडची गायिका ब्यॉर्क पण आहे, पण मी शोधून शोधून डान्सवालेच व्हिडिओ बघितले त्यामुळे रिव्ह्यू पण तेवढ्याचाच.

डान्स म्युझिकच्या व्हिडिओची गोची अशी की शब्द जेमतेम, एकच ओळ परत परत, आणि ज्याने ट्रॅक केलाय तो बटणं फिरवताना किती वेळ दाखवणार? मग ठरलेला मसाला येतो, क्लब, लेझर, स्लो मोशनमध्ये उडणारे केस, ड्रॉप (थांबलेला बीट जोरात परत येतो तो क्षण) आला की धडाधड कट. या डीव्हीडींवर तो मसाला जवळपास नाहीच.

गाँद्री सरळ बीट मोजायला बसतो. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये (१९९७) नाचणारी माणसं म्हणजेच वाद्यं आहेत. बेस वर चढला की खेळाडू पायऱ्या चढतात, खाली आला की उतरतात, सापळे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन, रोबोट म्हणजे तो यंत्रातून आल्यासारखा आवाज. पहिल्यांदा नुसतं येड्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा फक्त ममींवर नजर ठेवा, गाण्यातले ड्रम वेगळे ऐकू यायला लागतात, खरंच. कोरिओग्राफी ब्लांका लीची आहे. केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीच्या ‘स्टार गिटार’मध्ये (२००२) तर नाचणारं कोणीच नाही, ट्रेनच्या खिडकीतून दिसणारे खांब, इमारती, पूल बीटवर येतात, आणि याचं प्लॅनिंग करताना हा बाबा संत्री, काटे-चमचे, बूट टेबलावर मांडून हिशोब करताना दिसतो! मला व्हिडिओपेक्षा तो तुकडाच जास्त आवडला.

जोन्झ बरोबर उलटा. त्याने केलेल्या डाफ्ट पंकच्याच ‘दा फंक’मध्ये कुत्र्याचं डोकं असलेला एक माणूस पायाला प्लास्टर घालून, टेपरेकॉर्डर घेऊन न्यूयॉर्कमध्ये फिरतो, आणि गाणं वाजतंय ते त्याच्या त्या टेपरेकॉर्डरवर. गाणं चालू असतानाच लोक बोलतात, डायलॉग आहेत, बीटसाठी कट वगैरे भानगडच नाही. लहानपणीची शेजारीण भेटते, दोघं बसने जायचं ठरवतात, बसमध्ये पाटी असते रेडिओ चालणार नाही, ती चढते आणि हा फुटपाथवरच राहतो. संपलं. तो टेपरेकॉर्डर बंद का करत नाही हे कोणी सांगत नाही आणि नाही सांगितलं तेच बरं. आधी वाटलं होतं व्हिडिओ अर्धाच लोड झाला की काय, मग कळलं डीव्हीडी आहे, लोड काय होणार.

कनिंगहॅमची डीव्हीडी मात्र आटोपशीर, माल कमी वाटला. ॲफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या ‘विंडोलिकर’मध्ये गाडीतली दोघं इतका वेळ शिव्या देत बडबडतात की गाणं कधी सुरू होणार असं होतं, पण ते मुद्दामच आहे, भपकेदार गाड्या, पोरी, पैसा या रॅप व्हिडिओच्या थाटाची खिल्ली आहे ती. नंतर सगळ्या पोरींच्या अंगावर ॲफेक्स ट्विनचाच दात विचकणारा चेहरा येतो आणि हसू गळ्यातच अडकतं.

एकच घ्यायची तर गाँद्री. कनिंगहॅमची घरात लहान मुलं असतील तर दार लावून बघा, आणि रात्री एकट्याने तर नकोच, मी बघितली.