गोडाऊनच्या कामासाठी कमरेचा पट्टा घेताय? माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार

भिवंडीत मानकोलीला गोडाऊनमधे आहे मी, लोडिंग-अनलोडिंगला. फेब्रुवारीत ट्रक खाली करताना कमरेत उसण भरली, ती पण गोणीने नाही, १२-१३ किलोचा खोका होता, पाय जागेवर रोवलेले आणि नुसतं कमरेतून वळून मागच्या पॅलेटवर ठेवायला गेलो, अशी चमक निघाली की तिथेच बसलो. मग हा पट्टा मागवला, ६८० रुपये.

माल बरा आहे. पाठीकडच्या चार पट्ट्या वाकताना टोचत नाहीत, वेलक्रो तीन महिन्यांनी पण घट्ट धरतो. साइज पँटच्या नंबरावरून घेऊ नका, बेंबीवरून टेप लावा, माझा पहिला परत पाठवावा लागला. पत्र्याच्या शेडमधे मे महिन्यात मात्र वाट लागते, घामोळं उठलं, आत बनियन पाहिजेच.

मग दोन स्टार कुठे गेले? खोक्यावर छापलंय 'वजन उचलताना दुखापत टाळा', ते काही खरं नाही. फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या अमेरिकेच्या नायॉशने (कामावरच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी तिथली सरकारी संस्था) १९९४ मधेच सांगितलंय की धडधाकट माणसाने दुखापत टाळायला पट्टा लावावा अशी शिफारस आम्ही करत नाही. नायॉशच्याच हिशोबात सामान अंगालगत, वळायचं नाही, सगळं जागच्या जागी असलं तरी जास्तीत जास्त २३ किलो, आणि कमरेतून वळलात की आकडा अजून खाली. आमच्याकडे ५० च्या गोण्या येतात, आता बोला!

पट्टा लावल्यावर उलट माझीच हिंमत वाढली, दोघांचं ओझं एकटा उचलायला लागलो, आणि सुपरवायझर पण म्हणतो, पट्टा आहे ना, मग उचल की. खरा फरक पडला तो वळताना पाय उचलून फिरवायला लागल्यावर, त्याला एक रुपया लागत नाही.

पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापत असतील तर लागल्या दिवशीच अपघात म्हणून नोंद करून घ्या. कामावरची दुखापत मंजूर झाली तर सुट्टीत पगाराच्या ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणात ७०. मी उतरेल उतरेल करत गप्प बसलो आणि ७० वर आलो, पट्ट्यापेक्षा ते महाग पडलं.

दुखणं असताना दोन-तीन तास लावायला ठीक आहे. माझा सध्या लॉकरमधेच असतो.