बाओफेंग बीएफ-८८८एस : शेतावर घ्यावी का ही वॉकीटॉकी?

निकाल आधीच सांगून टाकू. यंत्र म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. भारतात शेतावर किंवा कारखान्यावर वापरायची वस्तू म्हणून शून्य. एकाच डब्याला दोन निकाल का, ते पुढे येईलच.

ऑनलाइन ‘वॉकीटॉकी’ शोधलं की काळी, बिनस्क्रीनची, वर दोन नॉब असलेली जी जोडी हमखास समोर येते, ती हीच. डब्यात दोन संच, दोन लिथियम बॅटऱ्या (३.७ व्होल्ट, १५०० एमएएच), चार्जिंगचे स्टँड, पट्ट्याला अडकवायच्या क्लिपा आणि इअरपीस. एक नॉब चालू-बंद आणि आवाजाचा, दुसरा १६ चॅनलचा. बाजूला बोलायचं लांबट बटण आणि दोन छोटी बटणं. शिकवायला पाच मिनिटं पुरतात. स्क्रीन नाही ही उणीव वाटते, पण शेतावर तोच फायदा आहे. चिखलाच्या हाताने, न बघता, खटके मोजून चॅनल बदलता येतो आणि आकडा संच स्वतःच बोलून सांगतो.

मोबाइल असताना हे कशाला, असं विचारणारे भेटतात. मोटार चालू-बंद करायला मोबाइल स्टार्टर पुरतो, ते खरंच. पण वरच्या सरीला पाणी पोचलं की दारं धरणाऱ्याने विहिरीवरच्याला, व्हॉल्व्हवरच्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला एकाच दमात सांगायचं असतं. फोनवर ते तीन कॉल होतात, त्यातला एक लागत नाही आणि एक उचलला जात नाही. तोडणी यंत्राच्या बाजूने ट्रॉली चालवणाऱ्याला तर फोन हातात घेताच येत नाही. गुऱ्हाळ, जिनिंग, वजनकाटा आणि गव्हाण यांच्यात, शीतगृहाच्या आत-बाहेर, सगळीकडे गरज हीच : बटण दाबलं की चौघांना एकदम ऐकू जावं.

आता रेंज. जाहिरातीत ५, ८, १० किलोमीटर असे आकडे असतात. ते मनावर घेऊ नका. या संचाच्या यूएचएफ (अति उच्च फ्रिक्वेन्सीच्या) लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॅटपेक्षा उंची महत्त्वाची. ढोबळ सूत्र असं : दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. दोन माणसं उभी असतील, अँटेना दीड मीटरवर, तर उत्तर १० किलोमीटर येतं. हे सपाट, उघड्या माळाचं कागदी क्षितिज झालं. मध्ये बांध, बाभळी, गोठा, शेड आले की प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. आणि मध्ये उभा ऊस असेल तर सगळाच हिशेब बदलतो. दहा-बारा फुटांचा, पाण्याने भरलेला पाला या लहरी शोषून घेतो. पावसानंतर किंवा पहाटे दव असताना तर जास्तच. उसाच्या आत बसून एक किलोमीटरही खात्रीने धरू नये.

अशा वेळी लोक जास्त वॅटचा संच शोधतात. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट करायलाही ताकद चौपट लागते, जमिनीलगत त्याहून जास्त. ८८८एसच्या डब्यावर ५ वॅट लिहिलेलं असतं, मीटरला लावलं तर बहुधा त्याहून कमी भरतं. पण २ आणि ५ वॅटमधला फरक उसात जाणवतच नाही. उलट एका माणसाला पाण्याच्या टाकीवर, म्हणजे नऊ मीटरवर चढवलं तर तेच कागदी क्षितिज १० वरून १७ किलोमीटरवर जातं. म्हणून ज्याच्याकडे निरोपांची देवाणघेवाण जास्त, तो माणूस गच्चीवर किंवा उंच बांधावर बसवा. खर्च शून्य. संच कमरेला अडकवून बोलू नका, अंगच लहरी अडवतं. छातीजवळ, अँटेना उभी, तोंडापासून चार बोटं. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘नको बंद करू’मधलं ‘बंद करू’ तेवढं पोचलं की व्हायचं ते होतं.

मग शून्य का? कारण फ्रिक्वेन्सी. हा संच ४०० ते ४७० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही चालतो आणि कंपनीतून येतानाच त्यात चॅनल भरलेले असतात. बऱ्याच संचांत पहिला चॅनल ४६२.१२५ असतो. भारतात तो पट्टा सगळा मोकळा नाही. बिनपरवाना बोलण्यासाठी कामाचे पट्टे दोन : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. बाकी बहुतेक ठिकाणी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या) शाखेचा परवाना लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या त्या याच कारणाने : फ्रिक्वेन्सी, परवाना आणि मंजुरी यांची नीट माहिती न देता वॉकीटॉकी विकणं. महिनाअखेरीस विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या.

इथे दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं, ‘प्रोग्रॅम करून देतो’. केबल आणि चर्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरून चॅनल ४४६.००६२५ वगैरे करता येतात, हे खरं. पण सवलत नुसत्या फ्रिक्वेन्सीला नाही, ठरलेल्या मर्यादेतल्या ताकदीच्या मंजूर संचाला आहे. त्या मंजुरीचं नाव ईटीए. ती प्रत्येक मॉडेलला मिळते आणि दुकानदाराने तिचा क्रमांक दाखवायला हवा. आकडे बदलले म्हणून ८८८एस त्यात बसत नाही.

‘प्रायव्हसी कोड’बद्दल दोन शब्द, कारण याच नावावर बरीच फसगत होते. ते फक्त टोन आहेत, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा, कानाला न जाणवणारा ओळखीचा सूर. टोन लावला की दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही. तुमचं त्यांना मात्र जाऊ शकतं. शेजारच्या मळ्यात तोच चॅनल आणि वेगळा टोन असेल तर चॅनल रिकामा समजून दोघंही बटण दाबतात आणि दोन्हीकडे नुसती खरखर. असं झालं की मॉनिटर बटण दाबून आधी ऐका, मग चॅनलच बदला. आणि एक संच बोलतो पण दुसऱ्याला ऐकू जात नाही, अशा तक्रारीत दहातल्या आठ वेळा टोन जुळलेला नसतो. दोन्हीकडे टोन काढून तपासा.

बिघाड ठरलेले आहेत. इअरपीसच्या भोकावरचं रबरी झाकण तुटतं आणि तिथून पाणी, फवारणीचं औषध, जिनिंगमध्ये सरकीची धूळ आत जाते. हा संच जलरोधक नाही. ब्लोअरवर बसणाऱ्याने पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधावं, आवाज पुरेसा जातो. माइकचं बारीक भोक बुजलं की समोरचा ‘लांबून बोलतोयस’ म्हणतो. ते मऊ ब्रशने झटकायचं, टाचणीने नाही, पडदा फाटतो. चार्जिंगच्या पत्र्यांवर घामाचा हिरवा थर येतो, तो खोडरबराने निघतो. अँटेना सैल झाली तर हाताने घट्ट करा आणि अँटेना काढून कधीही बटण दाबू नका, आतला ट्रान्झिस्टर जळतो. दोन संच जवळजवळ ठेवून बोललं की शिट्टी वाजते, तो बिघाड नव्हे.

मग घ्यायचं काय? पाच-दहा एकरांची बाग, गोठा, छोटं शेड असेल तर ईटीए असलेला ४४६चा संच पुरतो. ८६५च्या पट्ट्यात ट्रान्समीटरला १ वॅटपर्यंत मुभा आहे, पण फ्रिक्वेन्सी जवळपास दुप्पट असल्याने पाल्यातून ती आणखी कमी शिरते. मोकळ्या आवारात, गोदामात चांगली. ठिबकचे लोरा (लांबवर बिनतारी माहिती पाठवणारे) सेन्सर याच पट्ट्यात असतात, एवढं लक्षात असू द्या. सिमकार्डवर चालणारे संच रेंजच्या जाहिराती जिंकतात, मात्र जिथे मोबाइल लागत नाही तिथे तेही मुके. साखर कारखान्यासारखं मोठं आवार, गटागटाने पसरलेली तोडणी, रिपीटर (ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारा उंचावरचा संच) हवा, अशा ठिकाणी सरल संचार पोर्टलवरून परवान्याचा अर्ज करा. वेळ लागतो, फी लागते. पण उंच अँटेना आणि स्वतःची फ्रिक्वेन्सी हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

विकत घेताना डब्यावरचे वॅट वाचण्याआधी तीन गोष्टी विचारा : फ्रिक्वेन्सी कुठली, ईटीए क्रमांक काय, आणि सुटी बॅटरी मिळते का. प्रत्येक संचाला एक जादा बॅटरी ठेवा. हंगाम संपल्यावर त्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका; निम्म्या चार्जवर, संचातून काढून, थंड जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात स्टँडवर लावून विसरलेली बॅटरी जूनला फुगलेली सापडते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जला लावायची नाही.