वार्षिक कार्यक्रम: नृत्यनाटिका बसवावी की समूहरचना?

नागपुरात नृत्यवर्ग चालवणाऱ्या प्रत्येकीला दिवाळीच्या आसपास हा प्रश्न पडतो. हाताशी तीसेक मुली असतात. त्यात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपैकी पहिल्या, प्रारंभिकला बसलेल्या चिमुरड्यांपासून वरच्या विशारदची तयारी करणाऱ्या ताईंपर्यंत सगळ्या आल्या. कार्यक्रम जानेवारीत. मग अख्खी गोष्ट नाचवायची, की गोष्ट बाजूला ठेवून शुद्ध नृत्ताच्या, म्हणजे अभिनयाशिवाय नुसत्या लयीच्या आणि हालचालींच्या, समूहरचना करायच्या?

दोन्ही वाटा मळलेल्या आहेत. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली कलाक्षेत्र ही संस्था सुरू केली आणि १९५५पासून रामायणावर नृत्यनाटिकांची मालिकाच उभी केली. इकडे अहमदाबादच्या ‘कदंब’ या आपल्या नृत्यसंस्थेत कुमुदिनी लाखियांनी कथकमधली कथाच काढून घेतली आणि नर्तकांचा समूह, त्यांच्या रेषा, त्यांच्यातली मोकळी जागा यांवर रचना बांधल्या. ‘धबकार’ त्यातलीच. तेव्हा ‘नाटिका म्हणजे गॅदरिंग आणि नृत्त म्हणजे खरं शास्त्रीय’ असली नाकं मुरडण्यात अर्थ नाही. निवड करायची ती आपल्या वर्गाकडे बघून.

पहिली कसोटी म्हणजे सगळ्यात कच्ची रांग. नाटिकेत ती खपून जाते. लहान मुली हरिणं होतात, लाटा होतात, गावकरी होतात. चार सोप्या हालचाली नीट केल्या की टाळ्या मिळतात. नृत्तात लपायला जागा नसते. सोळा मात्रांच्या तीनतालातला दोन आवर्तनांचा (फेऱ्यांचा), म्हणजे ३२ मात्रांचा तुकडा घ्या. तीन रांगांनी तो एकापाठोपाठ उचलायचा आहे: पहिली रांग समेपासून (पहिल्या मात्रेपासून), दुसरी पाचव्या मात्रेपासून, तिसरी नवव्यापासून. आता तिघींनी एकाच समेवर यायचं, तर दुसरीला २८ आणि तिसरीला २४ मात्राच उरतात. म्हणून सुरुवातीचे बोल त्यांच्यापुरते छाटायचे आणि शेवटची तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा बोल) तिघींची एकच ठेवायची. कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या रांगेचे पाय पाहून नाचायची सवय असलेली एखादी मुलगी तिसऱ्या रांगेत असली, की सगळी वीण उसवते. अशा रचनेसाठी मला मध्यमा परीक्षेच्या पुढच्या, स्वतः पढंत करू शकणाऱ्या (बोल तालात म्हणू शकणाऱ्या) आठ-दहा जणी पुरतात. तीस नकोतच.

मग नाटिका सोपी का? नाही. तिची डोकेदुखी विंगेत असते. कोण कुठून आत येणार, कोण कुठून बाहेर जाणार, राक्षस झालेल्या मुली पुढच्या प्रवेशात सख्या व्हायच्या तर मधे किती वेळ मिळणार, हे सगळं मुलींना पाय शिकवण्याआधी कागदावर मांडावं लागतं. त्यात संगीत बहुधा रेकॉर्डेड. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पोशाख बदलायच्या प्रत्येक ठिकाणी नुसत्या तानपुऱ्याचा किंवा बासरीचा अर्धा-पाऊण मिनिटाचा तुकडा असा ठेवा, की साउंडवाल्या भाऊंना तो हवा तितका लांबवता येईल. समूहरचनेला मात्र शक्य असेल तर तबला आणि लेहरा (तालाची फेरी धरून ठेवणारी धून) प्रत्यक्षच हवा. खर्च वाढतो, पण एखादी रांग अडखळली तर तबलजी सांभाळून घेतो.

पालकांचं गाऱ्हाणं दोन्हीकडे आहे. नाटिकेत ‘आमची पोरगी झाडच काहून?’ आणि रचनेत ‘आमची मागेच काहून?’ दुसऱ्यावर उपाय सोपा आहे: दर काही आवर्तनांनी रांगा फिरवा. पहिल्यावर मला तरी अजून उपाय सापडलेला नाही.

सभागृहानेही उत्तर बदलतं. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे २००० आसनांचं आहे. तिथे मागच्या रांगांना डोळ्यांतला अभिनय दिसणार नाही. आकृत्या, तिरप्या रेषा, एकदम थांबलेली चक्करं मात्र छान पोचतात. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहासारख्या आटोपशीर जागेत उलट. तिथे चेहरा बोलतो आणि तीस मुलींची गर्दी होते. कुठलंही सभागृह घ्या, पैसे भरण्याआधी रंगमंचावर अनवाणी चालून या. लाकडी जमिनीवर घुंगरू वेगळे वाजतात, फरशीवर वेगळे, आणि जाजमावर तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, मेलाच म्हणून समजा.

माझं मत विचाराल तर संमिश्र वर्गाने नाटिका घ्यावी, पण पात्रांची नव्हे, प्रवासाची. कालिदासाचं मेघदूत बघा. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं आपण मानतोच. पूर्वमेघात, म्हणजे काव्याच्या पहिल्या भागात, पात्रं जवळजवळ नाहीत; आम्रकूट पर्वत, रेवा म्हणजे नर्मदा, विदिशा, उज्जयिनी असा मेघाचा मुक्काम दर मुक्काम मार्ग आहे. प्रत्येक मुक्काम एका तुकडीला द्या. रेवा लहानग्यांना, उज्जयिनी विशारदवाल्यांना, तीही निखळ नृत्तात. ‘झाड’ कुणालाच व्हावं लागत नाही.

मेघदूताचं वृत्त मंदाक्रांता; ती तालात कशी बसवायची, ही शंका येईल. एका चरणात १७ अक्षरं, यती, म्हणजे थांबे, चार, सहा आणि सात अक्षरांवर. मात्रा मोजल्या तर ८, ७ आणि १२, एकूण २७. शेवटचं अक्षर एक मात्रा ओढलं की २८ होतात, म्हणजे सात मात्रांच्या रूपक तालाची बरोब्बर चार आवर्तनं. गंमत अशी की दुसरा आणि तिसरा तुकडा समेवर न पडता समेनंतरच्या मात्रेवर सुरू होतो. मुलींना हे आधी हातावर टाळी देऊन म्हणायला लावा; पाय नंतर.

फक्त निवडक, तयार मुलींचाच कार्यक्रम असेल तर मात्र बेलाशक समूहरचना करा, आणि तासाभरात आटोपा.

तारखेचं काय ते आधी ठरवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त आणि वळवलेले रस्ते, म्हणजे देशपांडे सभागृहात रंगीत तालमीला अर्ध्या मुली उशिरा. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा, त्यामुळे मोठ्या मुली गळतात. उरतो जानेवारी, आणि त्यातले शनिवार-रविवार लवकर जातात. गोष्ट ठरली नसली तरी हॉल बुक करून टाका.