९० दिवसांची हजेरी, खोटा शिक्का आणि आमचे ८९,००० बाट

थायलंडमध्ये निवृत्तीच्या मुदतवाढीवर (म्हणजे निवृत्तांना वर्षावर्षाने वाढवून मिळणाऱ्या राहण्याच्या परवानगीवर) राहणाऱ्या, किंवा तिथे जायचं मनात असणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे वाचावं म्हणून लिहितोय. शहराचं आणि माणसाचं नाव गाळलंय, कारण तक्रार अजून लोंबकळते आहे. रकमा मात्र जशाच्या तशा देतो. ४४,००० बाट 'मुदतवाढीच्या पॅकेज'चे, ५,००० एका खोट्या दंडाचे आणि ४०,००० खऱ्या दंडाचे. एकूण ८९,००० बाट, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या वर. विमानाची तिकिटं आणि नव्या व्हिसाचा खर्च यात धरलेला नाही.

एजंट लोक काय काय करतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. या मुदतवाढीसाठी बँकेत दाखवायचे ८ लाख बाट ज्यांच्याकडे नसतात, त्यांच्या खात्यात चार दिवस पैसे 'दाखवून' देणारे गल्लोगल्ली आहेत. आमचं तसं काहीही नव्हतं, हे आधीच स्पष्ट करतो. माझे ८ लाख बाट माझ्या नावावर, इथल्याच बँकेत, पहिल्यापासून आहेत. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने ते हलवायचे नाहीत, एरवीही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही, हे नियम मला पाठ आहेत. बायको माझ्यावर अवलंबून म्हणून राहते. त्यासाठी लग्नाच्या दाखल्याचं थाई भाषांतर, त्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का, सगळं फायलीत तयार होतं. सरकारी नोकरीत ३४ वर्षं कागदच हाताळले आहेत. कायद्याला बगल द्यायला नव्हे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहाटेपासून रांगेत उभं राहता येईना म्हणून मी माणूस शोधला.

आणि तो माणूस आपल्यातला होता. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला टाळ घेऊन पुढे उभा राहणारा. मला 'काका', हिला 'काकू' म्हणणारा. हिच्या हातची पुरणपोळी आमच्या घरी बसून खाल्लेली आहे त्याने.

सुरुवात ९० दिवसांच्या हजेरीने झाली. सलग ९० दिवस देशात राहिलं की आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा, टीएम-४७ नावाचा फॉर्म भरायचा. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातलं ३७ वं कलम आहे ते. तो मला म्हणाला, "काका, आपला पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला असतो ना, तसंच समजा." मला ते लगेच पटलं. दर वेळी माणशी १,२०० बाट घ्यायचा आणि पुढची तारीख लिहिलेली चिठ्ठी पासपोर्टला लावून आणून द्यायचा. त्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, कारण हे काम दुसऱ्याने केलेलं चालतं. चालतं म्हणूनच विश्वास बसला. हजेरी संपूर्ण मोफत आहे हे लक्षात ठेवा. सरकार एक बाट घेत नाही. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कार्यालयात देता येते, टपालाने पाठवता येते, ऑनलाइनही भरता येते, फक्त ऑनलाइनची खिडकी आधी बंद होते. उशीर झाला तर २,००० बाट दंड. देशाबाहेर जाऊन आलात तर परत आल्याच्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू.

मग एक दिवस त्याने सांगितलं, "काका, तुमची टीएम-३० ची नोंद नाही, दंड भरावा लागेल." ५,००० बाट घेतले. टीएम-३० म्हणजे परदेशी माणूस घरात राहायला आल्याची २४ तासांत द्यायची खबर. ती देण्याची जबाबदारी घरमालकाची किंवा घराचा ताबा असणाऱ्याची, हे त्याच कायद्याच्या ३८ व्या कलमात आहे. आमच्या मालकीणबाईंनी ती खबर आम्ही राहायला आलो तेव्हाच दिली होती. हे मला नंतर त्यांच्याकडून कळलं. त्यांना आधी एक फोन केला असता तर तो माणूस तिथेच उघडा पडला असता. पण आजारपणात माणूस किती जणांना फोन करणार?

आता मुदतवाढ. सरकारी शुल्क माणशी १,९०० बाट. त्याने माणशी २२,००० सांगितले, 'परत येण्याच्या परवान्यासकट'. अनेक वेळा जाता-येता यावं असा तो परवाना ३,८०० चा असतो, म्हणजे सगळं धरूनही खरा आकडा ५,७०० च्या पुढे जात नाही. मी म्हटलं, मेहनतीचे घेतोय, घेऊ दे. २४,००० बाट रोख दिले. उरलेल्या २०,००० बाटचे ५२,००० रुपये माझ्या मुलाने यूपीआयने त्याच्या मेहुण्याच्या भारतातल्या खात्यात टाकले. पासपोर्ट दोन आठवड्यांहून जास्त त्याच्याकडे होते.

ज्या संध्याकाळी तो पासपोर्ट परत घेऊन आला, ती संध्याकाळ मला अजून झोपू देत नाही. आदल्या वर्षी आम्ही दोघं स्वतः गेलो होतो. बँकेचं ताजं पत्र आणि भरून आणलेलं पासबुक मागितलं होतं, खुर्चीवर बसवून फोटो काढला होता, १,९०० ची पावती हातात दिली होती. या वेळी बँकेचं पत्र त्याने मागितलंच नाही. लग्नाचा दाखला फायलीतून बाहेरही आला नाही. फोटो नाही. पावती मागितली तर म्हणाला, "ऑफिसातच राहिली काका, पुढच्या खेपेला आणतो." आणि शिक्का! मुदतवाढ जुन्या तारखेला जोडून पुढे मिळते. जुनी मुदत ज्या दिवशी संपते, पुढच्या वर्षी तोच दिवस. आमच्या शिक्क्यावरची तारीख शिक्का मारल्याच्या दिवसापासून वर्षभराची होती. म्हणजे आमचेच दिवस कमी झालेले. मी ते पाहिलं. हिला दाखवलंसुद्धा. ही म्हणाली, "विचारा त्याला." मी विचारलं. तो म्हणाला, "नवीन साहेब आलेत, ते असंच देतात." चहा घेऊन तो निघून गेला आणि मी पासपोर्ट कपाटात ठेवला. हातात पुरावा असताना कपाटाला कुलूप लावलं.

यावर लोक मला म्हणतात, तुम्ही शिकलेले, तुम्हाला कळलं कसं नाही? थाई लिपीतला शिक्का, त्यावर सही, पासपोर्टच्या पानावर. खऱ्या शिक्क्याशेजारी ठेवून पाहा आणि मग बोला.

पुढच्या हजेरीची तारीख आली तेव्हा त्याचा फोन लागेना. मी ऑनलाइन अर्ज भरला, तो नाकारला गेला. कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि आम्हाला आत बोलावलं. आमची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. मुदतवाढीचा अर्ज त्यांच्याकडे आलेलाच नव्हता.

मुदत संपून राहिल्याचा दंड रोज ५०० बाट, कमाल २०,०००. ४० दिवस केव्हाच उलटले होते, म्हणून दोघांचे मिळून ४०,०००, विमानतळावर भरले. स्वतःहून गेलो आणि ९० दिवस पूर्ण व्हायच्या आत देश सोडला म्हणून बंदी आली नाही. ९० च्या पुढे गेलो असतो तर वर्षभर बंदी. तपासणीत पकडले गेलो असतो तर पाच वर्षं.

आता त्या कार्यालयाचं ऐका. मी शिक्का दाखवतोय, माणसाचं नाव, फोन, फोटो देतोय आणि समोरचा अधिकारी एकच वाक्य बोलतोय: पासपोर्ट तुमचा, जबाबदारी तुमची. खोटा शिक्का जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, असं वर बजावलं. म्हणजे ज्याला लुटलं त्यालाच दम. तोच एजंट रोज त्यांच्या आवारात झेरॉक्सच्या टपरीपाशी उभा असायचा, सगळे त्याला ओळखत होते. त्या दिवशी कोणालाच तो आठवेना!

पोलीस चौकीत सगळं थाईमध्ये. दुभाष्याला ३,००० बाट मोजले, ते वरच्या हिशेबातही नाहीत. शिपायाने लिहून घेतलं, शिक्का मारून कागद दिला, मला वाटलं गुन्हा दाखल झाला. झालं होतं फक्त रोजच्या वहीत नोंद. आपल्याकडे एनसी देऊन वाटेला लावतात तसं. इथे फसवणूक हा तडजोडीचा गुन्हा आहे, फौजदारी कायद्याचं ३४१ वं कलम. गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांत रीतसर फिर्याद दिली नाही तर हक्क संपतो. हे एकानेही सांगितलं नाही. एका खात्याने देशाबाहेर काढलं, आम्ही नवा व्हिसा काढून परत येईपर्यंत तीन महिने उलटले आणि दुसरं खातं म्हणतं, उशीर झाला. फिर्याद द्यायला गेलात तर 'नोंद नको, खटल्यासाठी फिर्याद हवी' हे दुभाष्याकडून स्पष्ट वदवून घ्या. त्याशिवाय उठू नका.

भारतात तरी काय? मुलाच्या घराजवळच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, घटना परदेशातली, आमची हद्द नाही. अहो, ५२,००० रुपये भारतातल्या खात्यातून भारतातल्या खात्यात गेलेत! नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची आहे. भारतीयाने परदेशात केलेल्या गुन्ह्यासाठी २०८ वं कलम आहे. मी कलमं लिहून नेली, तर हवालदार म्हणाला, "आजोबा, तुम्ही वकील आहात का?" तासन्‌तास बाकड्यावर बसवलं आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत म्हणून परत पाठवलं. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पण तोपर्यंत खातं रिकामं झालेलं. पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासांत तो फोन करायचा असतो.

तो माणूस अजून काम करतोय. परवा एका ओळखीच्या जोडप्याचे पासपोर्ट त्याच्याकडे असल्याचं कळलं, मी रात्रीच त्यांना फोन केला. तुमचेही असतील तर आज परत मागा. नवा शिक्का असेल तर तो जुन्या तारखेला जोडलेला आहे का पाहा, पावती आहे का पाहा, आणि स्वतः खिडकीवर जाऊन संगणकातली तारीख वाचून दाखवायला सांगा. इमिग्रेशनचा फोन ११७८, पर्यटक पोलिसांचा ११५५. शिक्का खोटा निघाला तर जुनी मुदत संपून ९० दिवस व्हायच्या आत देश सोडा.