शोध-जाहिरातीचा आठ महिन्यांचा अनुभव आणि एका फोटोचा भुर्दंड

कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ, बिबडे म्हणजे ज्वारीचे वाळवलेले पापड, आणि काळा मसाला हा आमचा जळगावचा घरगुती व्यवसाय असून गिऱ्हाईक बहुतेक पुण्याला नाहीतर सुरतेला स्थायिक झालेले आपलेच खानदेशी लोक आहेत. त्यांच्यासाठी ऑगस्टपासून गूगल अ‍ॅड्सवर रोज ३०० रुपयांची मर्यादा घालून, गूगलवर शोधणाऱ्यांना दिसणारी जाहिरात सुरू केली. डिसेंबरात, भरिताच्या ऐन हंगामात, एकाच दिवशी ५४६ रुपये खर्ची पडले आणि ऑर्डर आल्या दोन, तेव्हा मी हे सारे बंद करायला निघालो होतो. एखाद्या दिवशी मर्यादेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा आकडा मात्र रोजच्या मर्यादेच्या ३०.४ पटींपुढे जात नाही, हा नियम मी वाचला नव्हता. ती चूक माझी.

खरी गळती निराळीच होती. त्या दिवशी जाहिरातीवर पैसे मोजलेले क्लिक ४८ झाले होते आणि आमच्या संकेतस्थळाच्या पानावर पोहोचलेली माणसे होती २९. काही मोजणीतल्या फरकामुळे सुटली असतील, तरी १९ क्लिकांचे २१६ रुपये मला झोपू देईनात.

त्याच आठवड्यात यावल तालुक्यात बहिणीकडे गेलो असता ओट्यावर बसून भाचीच्या फोनवर आमचे पान उघडले. वरची निळी पट्टी आली आणि खाली पांढरे. मग गच्चीचा कठडा, खाटेचा पाया, त्यावर अंथरलेले धोतर आणि सर्वांत शेवटी वाळत घातलेले बिबडे, असा तो फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत राहिला. "मामा, अजून येतंय का?" असे भाचीने दोनदा विचारले. विकत घेणारा परका माणूस एवढा वेळ कशाला थांबेल?

घरी येऊन पेजस्पीड इनसाइट्स या पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या साधनावर तपासले. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा अशी अपेक्षा असते, आमचा ९.२ सेकंद घेत होता, कारण तो फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, ५.८ एमबीचा, चढवला होता. संकेतस्थळ बनवून देणाऱ्यांनी पाच दिवस फोन करायला लावून शेवटी सर्व्हरचा मोठा प्लॅन घ्या, म्हणजे वर्षाला ४,००० रुपये आणखी भरा, असे सांगितले. ज्यांनी तो फोटो स्वतः चढवला, त्यांनीच हे सांगावे याचा मला आजही संताप आहे. पुतण्याने रुंदी १,२०० पिक्सेल करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फाइल-प्रकारात तोच फोटो १३० केबीचा केला, आणि त्याला अर्धा तासही लागला नाही.

प्रत्येक शोधाच्या वेळी जाहिरातींचा नवा लिलाव होतो आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा व पानाचा दर्जाही धरला जातो. गूगलच्या लेखी आमच्या पानाचा अनुभव 'सरासरीपेक्षा कमी' होता, तो काही आठवड्यांनी 'सरासरी' झाला, दहापैकी ४ असलेला क्वालिटी स्कोअर, म्हणजे दर्जाचा गुणांक, ६ वर गेला आणि साडेअकराच्या घरातला क्लिक आठ रुपयांवर आला. हे सगळे श्रेय मी आधी फोटोलाच देत होतो, पण त्याच सुमारास 'रेसिपी' आणि 'कसे बनवतात' या शब्दांच्या शोधांना जाहिरात दिसू नये म्हणून ते शब्द वगळल्याने नुसती कृती शोधणारेही कमी झाले होते, तेव्हा श्रेय वाटून द्यावे लागेल. १८ टक्के जीएसटी निराळा पडतो, तो हिशेबात धरावा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येऊ न शकणाऱ्या लेकी बिबडे मागवतात, म्हणून तोपर्यंत रोजचे ३०० रुपये चालू ठेवणार आहे आणि पिठाच्या पानावर राहिलेले चार मोठे फोटो या रविवारी पुतण्याकडून लहान करून घेणार आहे.