खिशातला ब्रेथ अॅनालायझर : रविवारी सकाळी सहाला काय दाखवतो?

शनिवारी रात्री नऊला बैठक बसायची, एकला मोडायची आणि रविवारी सहाला गाडी माळशेजच्या नाहीतर अलिबागच्या रस्त्याला लावायची, असा ज्यांचा दर आठवड्याचा नेम आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण. खिशात मावणारा ब्रेथ अॅनालायझर, म्हणजे श्वासावरून रक्तातलं अल्कोहोल मोजणारं यंत्र, बाजारात दोन जातींचा मिळतो. एक हजार-दीड हजाराच्या आसपास येणारा सेमीकंडक्टर सेन्सरचा, दुसरा त्याहून बराच महाग फ्युएल सेलचा. पहिला घेऊ नका. दुसरा घ्या, पण रात्री बारच्या पार्किंगमध्ये ‘चालवू का’ असं त्याला विचारू नका. त्याची खरी वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. रात्री आपण प्यायलो आहोत हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. आंघोळ, चहा, पोहे झाल्यावर ते कुणाच्या डोक्यातही नसतं.

हिशेब मांडून बघा. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६०. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात एक लार्ज दर १०० मिलीमागे सुमारे ४३ मिलिग्रॅम अल्कोहोल चढवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३०. यकृत तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम उतरवतं. नऊ ते एक चार लार्ज झाले तर बेरीज १७० च्या घरात जाते. सहा वाजेपर्यंतच्या नऊ तासांत १३५ उतरतात, ३५ उरतात. चार-पाच तास झोपून उठलेला, दात घासलेला, टवटवीत दिसणारा माणूस कायद्याच्या लेखी अजून प्यायलेलाच. पाचवा लार्ज झाला असेल तर सकाळी नऊलाही काटा मर्यादेच्या वरच.

‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनीही इकडे लक्ष द्यावं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे दोन लार्ज. आणि ५५ किलोच्या बाईच्या रक्तात तोच एक लार्ज ६५ च्या आसपास नेतो, कारण वजनाबरोबर शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी असतं. उतरण्याचा वेग माणसागणिक ताशी १० ते २० असा बदलतो, म्हणून तर यंत्र हवं. नाहीतर कागद-पेन्सिल पुरली असती. लिंबूपाणी, काळी कॉफी, डोक्यावर थंड पाणी यांनी हा वेग तसूभरही वाढत नाही. उलटीने पोटातलं जातं, रक्तातलं नाही.

आता यंत्रांकडे. सेमीकंडक्टर सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. अल्कोहोलची वाफ लागली की त्याचा विद्युतरोध बदलतो. अडचण अशी, की तो अल्कोहोल आणि इतर वाफांत धड भेद करत नाही. सिगारेटचा धूर, सॅनिटायझर, परफ्यूम, आणि मुख्य म्हणजे श्वासातलं अॅसिटोन. कडक उपास, कीटो डाएट किंवा ताब्यात नसलेला मधुमेह असेल तर श्वासात अॅसिटोन वाढतं, आणि थेंबही न घेतलेला माणूस यंत्रावर प्यायलेला दिसू शकतो. दमट हवेत आकडा आणखी हलतो, म्हणजे कोकणात तर बोलायलाच नको. खोटा जास्त आकडा एकवेळ परवडला. हे सेन्सर काही महिन्यांत भरकटतात आणि कमी दाखवू लागले तरी कळत नाही.

फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल होतं आणि त्या क्रियेत निघणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. अॅसिटोनला तो भुलत नाही. पोलिसांच्या हातातली यंत्रंही याच तत्त्वावर चालतात. तोटे आहेतच: किंमत, आणि उन्हाचा तिटकारा. मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलात तर सेन्सर वाळून कामातून गेला समजा. घरी कपाटात ठेवावा.

फुंकायची पद्धत चुकली तर महागडं यंत्रही खोटं बोलतं. शेवटचा घोट, घास किंवा सिगारेट यानंतर किमान १५ ते २० मिनिटं थांबा, पाण्याने चूळ भरा. यंत्र तयार झाल्याची खूण दिसली की दीर्घ श्वास घेऊन एकसारखं पाच-सहा सेकंद फुंका. तोंडातली नाही, फुफ्फुसाच्या तळातली हवा आत जायला हवी. तुटक किंवा हळू फुंकलं तर आकडा कमी येतो. पाच मिनिटांनी पुन्हा फुंका आणि दोनपैकी मोठा आकडा धरा. थांबायचं कारण असं, की तोंडात रेंगाळलेलं अल्कोहोल आकडा कुठल्या कुठे नेतं. त्यात दारूच हवी असं नाही: माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट यांनीही तेच होतं. फक्त तेवढंच कारण असेल तर पंधरा मिनिटांनी आकडा शून्यावर येतो.

रात्री वापरू नका म्हणण्यामागचं कारणही इथेच आहे. शेवटच्या पेगनंतर रक्तातली पातळी शिगेला पोचायला अर्धा ते दीड तास लागतो, भरपेट जेवणाबरोबर त्याहूनही जास्त. बिल देताना फुंकून २५ दिसलं तर ती चढतीवरची २५ असू शकते. घाटात पोचेपर्यंत तीच ४० होईल. शिवाय टेबलावर यंत्र ठेवलं की ‘अजून एक बसतो’ हा हिशेब सुरू होतो, आणि गटारीला तर कुणाचा आकडा मोठा याची पैज लागते. पेग घशाखाली जाताच फुंकलं की सेन्सर वाफेने तुंबतो आणि पुढच्या खेपा चुकवतो. पैज लावणाऱ्या मंडळींत महागडं यंत्र नेऊच नये.

एककांचा घोळ मात्र खरेदीच्या दिवशीच मिटवा. आपली मर्यादा यंत्रावर चार तऱ्हांनी दिसू शकते: ३० मिलिग्रॅम प्रति १०० मिली, ०.०३ टक्के, ०.३ ग्रॅम प्रति लिटर, किंवा श्वासाच्या मापात जवळपास ०.१५ मिलिग्रॅम प्रति लिटर. सेटिंगमध्ये टक्के निवडून ठेवा. बऱ्याच यंत्रांत लाल दिवा ०.०५ किंवा ०.०८ ला लागतो, कारण ती बाहेरच्या देशांच्या मर्यादांवर बेतलेली असतात. आपल्याकडे हिरव्या दिव्यातही गुन्हा होऊ शकतो. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि ‘माझ्या यंत्रावर कमी होतं’ हे तिथे कुणी ऐकत नाही. त्यामुळे निघण्यासाठी एकच आकडा धरा, ०.००.

आणि शून्य आलं म्हणजे गाडी चालवायला माणूस ठीक आहे, असं यंत्र सांगत नाही. ते झोप मोजत नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस प्रतिक्रियेच्या चाचण्यांत ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्याइतका मंदावतो, असं संशोधनात दिसलं आहे. शुक्रवारी सकाळी सहाला उठून, ऑफिस आटपून, रात्री अकराला ‘ट्रॅफिक नसतं’ म्हणून कोकणात निघणारा निर्व्यसनी माणूस नेमका त्या सतराव्या तासावर असतो. यंत्रावर त्याचं ०.००. वर सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असेल तर तीही यंत्राला दिसत नाही, गांजाही नाही. आठवडाभर पाच-पाच तास झोपून शनिवारी दोनच पेग घेणाऱ्याचा धोका आकड्यापेक्षा मोठा असतो, कारण झोपेची तूट आणि दारू एकमेकींवर चढतात. दुचाकीवाल्याचं तर आणखी कठीण. तोल आधी जातो, आणि सावरायला चार चाकं नसतात.

कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा खऱ्या मापाशी जुळवून घेणं, दर सहा ते बारा महिन्यांनी लागतं. घरी शून्य दाखवतो म्हणजे ०.०३ ला बरोबर दाखवेल असं नाही. त्यासाठी ठरावीक प्रमाणाचा प्रमाणित वायू लागतो. म्हणून विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: कॅलिब्रेशन भारतात होतं का, किती दिवस लागतात, आणि सेन्सरचा भाग आयता बदलून मिळतो का? पहिल्याचं उत्तर ‘परदेशी पाठवावं लागेल’ असं आलं आणि तिसऱ्याचं ‘नाही’, तर ते मॉडेल सोडा. वर्षभराने त्याच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. फुंकायच्या नळ्यांचं जादा पाकीट बरोबरच घ्या. एक नळी चौघांत फिरवली की आधीच्याच्या थुंकीतलं अल्कोहोल पुढच्याच्या नावावर लागतं.